हमामखान्यातील हकीकत

पेशवाईतील वाड्यांच्या हमामखान्यांची वर्णने मराठी वाचकाने पुष्कळदा वाचलेली असतात. परंतु ज्या बंगळूरची जहागिरी सतराव्या शतकात विजापूर दरबाराने शहाजीराजांस दिली, त्याच शहरात हिजड्यांनी चालविलेल्या हमामांची परंपरा अगदी आपल्या काळापर्यंत नांदत होती, आणि तिची खरी हकीकत सरकारी दफ्तरापेक्षा एका आत्मचरित्रात अधिक सापडते, हे थोड्यांसच ठाऊक असेल.

लाकडे पेटवून मोठ्या भांड्यांत पाणी तापवावयाचे, दाम मोजणाऱ्या पुरुषांस कढत पाण्याने स्नानाची सोय करून द्यावयाची, आणि त्याच छपराखाली गुरू व चेल्यांनी संसार थाटावयाचा, असा हा व्यवसाय. देहविक्रयही तेथेच चाले, आणि पोलिसांच्या लेखी हमाम म्हणजे तेवढेच. परंतु जन्मघराने झिडकारलेल्या माणसास हक्काचे अंथरूण आणि हाक मारावयास नाते तेथेच मिळे. त्याबद्दल कमाईचा वाटा गुरूस द्यावा लागे, हेही दडविण्याचे कारण नाही.

तमिळनाडूतील नामक्कल तालुक्यात मुलगा म्हणून जन्मलेल्या ए. रेवती दिल्ली, मुंबई असा प्रवास करून अशाच एका हमामात आल्या. १९९९ च्या सुमारास त्या लैंगिक अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या बंगळूरच्या ‘संगमा’ संस्थेत काम करू लागल्या. २००४ साली त्यांनी हिजड्यांच्या जीवनकथा तमिळमध्ये संकलित केल्या. २०१० मध्ये व्ही. गीता यांनी इंग्रजीत आणलेले त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पळून गेलेले मूल परतले तेव्हा सख्ख्या भावाने क्रिकेटच्या बॅटीने मारले, हे त्यांनी लिहिले आहे. आणि तरीही त्याच घरावरील आपला हक्क त्यांनी सोडला नाही, हा मला त्या ग्रंथाचा गाभा वाटतो. कृष्णवर्णीय आणि समलिंगी म्हणून दुहेरी परकेपण सोसणारे अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन १९४८ साली न्यूयॉर्क सोडून पॅरिसला गेले, तरी त्यांच्या लेखणीने स्वदेशावरील दावा सोडला नाही. रेवतींची जातकुळी तीच.

ग्रंथ निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, २०११ साली, कर्नाटक पोलीस कायद्यात ३६-अ हे कलम घालून हिजड्यांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांस देण्यात आला. हिजड्यांचीही नोंद ठेवावयास लावणाऱ्या इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातील संशयच तो, स्वतंत्र देशाने पुन्हा वापरलेला, आणि म्हणून अधिक लाजिरवाणा. रेवतींच्या सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध न्यायालयापर्यंत लढा दिला, तेव्हा कुठे त्या कलमातून हिजड्यांचा उल्लेख वगळला गेला.