सुईणीची नात आणि अर्जातला रकाना

नर्सिंगच्या प्रवेशअर्जात एक रकाना होता. ‘रुग्णसेवेचा पूर्वानुभव असल्यास नमूद करावा.’ मी त्यात ‘नाही’ असे लिहिले. साल १९७४. कुडाळ तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. मी अकरावीची एस.एस.सी. पास झाले होते आणि आमच्या बौद्धवाडीतून नर्सिंगला अर्ज करणारी मी पहिलीच.

तो ‘नाही’ खोटा होता. माझी आजी सुईण होती. वयाच्या बाराव्या वर्षापासून मी तिच्याबरोबर कंदील धरून जात होते. पावसाळ्यात रात्री हाक आली की म्हातारी डोक्यावर इरले घेई, कमरेला चिंधीत गुंडाळलेला दोरा खोची आणि चालू लागे. पाणी उकळायचे, खोबरेल गरम करायचे, बाळंतिणीची पाठ धरायची, वार पूर्ण पडली की नाही ते दिव्याजवळ नेऊन पाहायचे, ही माझी कामे. पोटावर हात ठेवून मूल आडवे आहे की डोक्यावर आहे हे ती सांगे. माझा हात धरून तिथे ठेवी आणि म्हणे, “हातान बघूक शिक गो, डोळे मगे.” पुढे प्रशिक्षणात दुसऱ्या वर्षी सिस्टरबाईंनी हीच तपासणी इंग्रजी नावाने शिकवली, तेव्हा वर्गात माझा हात सर्वांत आधी योग्य जागी गेला. कुठे शिकलीस, असे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

हे सांगण्याची लाज का वाटली, हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. त्याला इतिहास आहे.

बाळंतपण म्हणजे विटाळ. रक्त, वार, नाळ, घाण. ज्या घरात आमच्या सावलीने पाणी बाटत होते, त्याच घरातल्या बाळाला जगात पहिला हात लागायचा तो माझ्या आजीचा. मागील दाराने आत, काम झाले की मागील दाराने बाहेर. मग घर शुद्ध व्हायचे. मोबदला पायलीभर भात, एक नारळ, कधी जुने लुगडे, तेही पडवीत ठेवलेले. हातात कधी नाही. समाजव्यवस्थेने हे कौशल्य आमच्याकडे दिले ते गौरव म्हणून नव्हे, तर ते हलके ठरवले होते म्हणून. आणि हलके ठरवलेले काम ‘अनुभव’ कसा ठरणार?

इंग्रजी आमदानीत दवाखाने आले आणि या कामाचे दोन तुकडे झाले. एका तुकड्याला गणवेश, पगार आणि प्रमाणपत्र मिळाले, दुसऱ्याला ‘अडाणी दाई’ हे नाव. १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड निघाला, १९०३ मध्ये दाईंच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल शिष्यवृत्ती फंड निघाला. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात परिचारिका तयार होऊ लागल्या. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ नंतर हिंदू स्त्रियांना या वाटेने नेण्याचा प्रयत्न केला, पण परक्या पुरुषाच्या देहाला हात लावायचा, बेडपॅन उचलायचे, रात्रपाळी करायची, यामुळे सवर्ण घरे दीर्घकाळ बिचकून राहिली. म्हणून भारतातल्या परिचारिकांत ख्रिस्ती मुली बहुसंख्य राहिल्या, आणि त्यांतल्या कित्येकींचे आजे-पणजे आपल्यासारखेच गावकुसाबाहेरचे होते. विटाळ मानणाऱ्या देशात शुश्रूषा कोण करणार, याचे उत्तर जातीनेच आधी दिलेले होते.

१९४६ साली भोर समितीने मोजदाद केली. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. प्रशिक्षित सुईणी ५,०००, साठ हजारांमागे एक. मग त्या वर्षी या देशातली लाखो मुले कोणाच्या हातांवर जन्मली? त्या हातांची मोजदाद कोणत्याच तक्त्यात नाही.

म्हातारीचे मी उदात्तीकरण करणार नाही. नाळ कापायला ती विळा वापरी. तो ती चुलीच्या आरावर धरी, पण नेहमी नाही. तिच्या हातची काही मुले आठव्या-नवव्या दिवशी ताठ होऊन गेली. वाडीत त्याला बाहेरची बाधा म्हणत. तो धनुर्वात होता, हे मला प्रशिक्षणात कळले, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. तिला कोणी एक निर्जंतुक पाते आणि दहा दिवसांचे शिक्षण दिले असते तर? गावागावात आरोग्य केंद्रे उभी राहत होती, दाई प्रशिक्षणाचे कागद निघत होते; आमच्या वाडीपर्यंत मात्र तिच्या हयातीत कोणी आले नाही.

आता अर्जाकडे येते. सवलतीसाठी जातीचा दाखला हवा होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली; १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर नवबौद्धांना राज्याच्या सवलती मिळाल्या. पण दाखल्यावर पूर्वाश्रमीची जात लिहावी लागे. माझे वडील कचेरीच्या पायरीवर बसून राहिले. “जा नाव आम्ही टाकला, ता परत कागदार कशाक?” एवढेच म्हणाले. तरी त्यांनी सही केली. केंद्राच्या नोकऱ्यांत तर १९९० पर्यंत बौद्धांना अनुसूचित जातीचे आरक्षणच नव्हते. माझ्या एका मैत्रिणीने केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अर्ज केला, तिला खुल्या जागांत उभे राहावे लागले. धर्म बदलल्याने तिची वस्ती बदलली नव्हती, विहीर बदलली नव्हती.

पहिल्या वर्षी माझी निवड झाली नाही. मुलाखतीत एकाने विचारले, “घरी हे काम कोणी केले आहे का?” मी गप्प राहिले. ते वर्ष मी कुडाळात एका खाजगी डॉक्टरांकडे काढले. नाव आयाचे, काम सगळेच. सुया उकळणे, पट्ट्या बदलणे, गळू कापताना रोग्याचे हात धरणे, शेवटी फरशी पुसणे. महिन्याला तीस रुपये. वर्ष संपल्यावर त्यांनी दोन ओळींचा दाखला दिला. तेवढ्यावर १९७५ मध्ये मला साडेतीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली. एक वर्ष फरशी पुसण्याला कागद मिळाला. सहा वर्षे कंदील धरण्याला मिळाला नाही. तो दाखला अजून माझ्या ट्रंकेत आहे.

आपल्या चळवळीत सावित्रीबाईंचे नाव शाळेशी जोडले जाते, आणि ते रास्तच आहे. पण त्यांचा शेवट शुश्रूषेत झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात गेल्या, स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्चला वारल्या. बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू मांडली. बाळंतीण हा आपल्या विचाराचा विषय होताच. सुईण मात्र राहून गेली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निष्कर्ष आला, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. ते वाचताना मला आजीचा विळा आठवला. २००५ पासून गावोगाव आशा आल्या. बाळंतिणीच्या घरी जायचे, बाळ तोलायचे, ताप पाहायचे. त्यांना सरकार नोकर म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणते. पगार नाही, मोबदला. पडवीत ठेवलेल्या भाताचे हे सुधारलेले रूप आहे असे मी म्हटले की तरुण अधिकारी नाराज होतात.

आज कुडाळातच नर्सिंग कॉलेज आहे, प्रवेशपरीक्षा आहे, क्लास आहेत. गेल्या उन्हाळ्यात माझी पुतणी विचारीत आली, “आत्ये, अर्ज भरायच्या आधी मी कुठे काम बघू?” मोठ्या हॉस्पिटलच्या चिठ्ठ्या मिळवून देणे मला शक्य होते. मी तिला वाडीच्या आशाताईकडे पाठवले. पावसाचे दोन महिने ती वजनकाटा धरून त्यांच्यामागून घरोघर फिरते आहे. परवा तिने एका वहीत भेट दिलेली घरे, बाळांची वजने आणि तारखा लिहून आणल्या. मी त्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्या आजीचे नाव लिहिले. ते कुठल्याही नोंदवहीत नव्हते.