नोंद लिहितं कोण?

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर हातात आलं, तेव्हा व्याजाचं गणित बारा ओळींचं होतं. भोवती चाळीस ओळी होत्या त्या कुणी, कधी, कोणत्या खात्याला हात लावला याच्या नोंदीच्या. प्रत्येक फंक्शनमध्ये त्याच. एकात राहून गेल्या, आणि ऑडिटरनं नेमका तोच व्यवहार मागितला.

हे दुखणं जुनं आहे. एका वेळी एकाच बाबीचा विचार करावा, असं डाइक्स्ट्रानं १९७४ मध्येच लिहिलं होतं. पण लॉगिंग, सुरक्षा, ट्रान्झॅक्शन एका जागी बसतच नाहीत, सगळीकडे सांडतात. झेरॉक्स पार्कमधल्या ग्रेगर किक्झालेस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा बाबींना ‘अ‍ॅस्पेक्ट’ म्हटलं. एकदाच वेगळं लिहा, कुठे लागू करायचं ते सांगा, विणकाम यंत्राकडे. त्यातून अ‍ॅस्पेक्टजे आलं. २००४ मध्ये स्प्रिंगची पहिली आवृत्ती आली आणि ही कल्पना रोजच्या जावात रुळली.

मीही नोंद एका फाइलमध्ये आणली. महिन्याभरात पुन्हा एक गायब! स्प्रिंग मूळ ऑब्जेक्टपुढे प्रॉक्सी उभा करतं; त्याच क्लासनं आपली मेथड आतूनच बोलावली, तर ती हाक प्रॉक्सीला ऐकूच जात नाही. कोडमध्ये न दिसणारं शोधायला दोन दिवस गेले. मेथड दुसऱ्या क्लासमध्ये हलवली.