खण, पुठ्ठा आणि प्लॅस्टिक

नाणं जपायला माणसाने जी जी वस्तू घडवली, तिने बहुतेक वेळा नाण्याला काही ना काही इजा केली. त्या इजेवर उपाय शोधताना पुढची वस्तू जन्माला आली. संग्राहकाच्या टेबलावरच्या फ्लिपची, म्हणजे पारदर्शक पाकिटाची, आणि होल्डरची कुळकथा अशी इजांमधून पुढे सरकते.

इटालियन कवी पेट्रार्कने 1354 मध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सला प्राचीन रोमन नाणी भेट दिली. पुढे युरोपातल्या राजेरजवाड्यांनाही नाणी जमवण्याचा नाद लागला आणि नाण्यांसाठी खास लाकडी कपाटं बनू लागली. त्यांत उथळ खण आणि प्रत्येक नाण्याला गोल खाच असे. काही कपाटं ओकच्या लाकडाची होती. ओकमधून आम्लाची वाफ निघते आणि बंद खणात ती साठून राहते. तिने शिशाची पदकं पांढरी पडून भुगा व्हायची. अनुभवाने महोगनीला पसंती मिळाली. तरी दुखणं पूर्ण गेलं नाही. खण ओढताना, लोटताना नाणं खाचेत केसभर सरकतं. वर्षानुवर्षं असं चाललं की चेहऱ्याचा उंच भाग, विशेषतः गाल, घासून निस्तेज होतो. कधीच बाजारात न फिरलेलं नाणंही मग वापरलेलं दिसतं.

कपाट श्रीमंतांचं होतं. पुठ्ठ्याने हा छंद सामान्यांच्या घरी आणला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वस्तू हा पुठ्ठाच. 1930 च्या दशकात, मंदीच्या काळात, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या जे. के. पोस्ट यांनी लिंकनच्या सेंटसाठी भोकांचा पुठ्ठा काढला. रॅसीनच्या व्हिटमन कंपनीने तो हाती घेतला आणि आर. एस. योमन यांनी देशभर पोचवला. आकार 11 बाय 14 इंच, म्हणजे तयार फोटोफ्रेममध्ये बसेल असा. प्रत्येक भोकाखाली साल आणि टांकसाळीचं अक्षर छापलेलं. मिळालेल्या सुट्ट्या पैशांत मुलं-माणसं नेमकं साल शोधू लागली. 1909 चं सॅन फ्रान्सिस्कोचं ‘व्ही.डी.बी.’ अक्षरांचं सेंट जेमतेम 4,84,000 पडलं होतं, त्यामुळे ते भोक बहुतेकांचं रिकामंच राही. त्या रिकाम्या भोकानेच माणसं वर्षानुवर्षं शोधात गुंतली.

पण नाणं भोकात बसवायचं म्हणजे अंगठ्याने दाबायचं. घामातलं मीठ आणि आम्ल तांब्यावर ठसा उमटवून जातं. पुठ्ठ्यातल्या गंधकाने कडा काळवंडत आणि नाण्याची मागची बाजू दिसतच नसे. एम. एल. बाइस्टल आणि वेट रेमंड यांच्या अल्बममध्ये दोन्ही बाजूंना पारदर्शक पट्ट्या होत्या. मात्र पट्टी ओढली की लिंकनच्या गालावर समांतर बारीक ओरखडे पडत.

मग मऊ पीव्हीसी पाकिटं आली. ती स्वस्त, स्वच्छ, दोन्ही बाजू दाखवणारी. पण प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य काळाने पाझरतं, पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर चढतो. अ‍ॅसिटोनने थर निघतो; खाली धातू खाल्ला गेला असेल, तर तो खड्डा मात्र कायमचा.

पॉलिएस्टर फिल्मने, म्हणजे मायलरने, हे दुखणं मिटवलं. तिच्यात मऊ करणारं द्रव्य नसतं, म्हणून ती कडक असते आणि नाणं निष्काळजीपणे सरकवलं तर त्यावर ओरखडे पाडते. मायलरची खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या होल्डरला स्टेपल मारतात. त्या पिनांची टोकं पकडीने सपाट केली नाहीत, तर शेजारच्या होल्डरमधल्या नाण्यावर चरा उमटतो. 1986 मध्ये पीसीजीएस कंपनीने नाणी पारखून, दर्जा ठरवून कडक प्लॅस्टिकच्या डबीत कायमची बंद करायला सुरुवात केली. नाणं त्यात सुरक्षित राहतं, पण ते हातात घेण्याचं सुख जातं.

आपल्याकडे घरोघरी निघणाऱ्या तांब्याच्या शिवराई नाण्यांना तर हे सगळं जास्तच लागू, कारण कोकणातल्या दमट हवेत तांबं लवकर बिघडतं. अल्बमच्या पाकिटाला नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी समजावं आणि शिवराई लगेच मायलरमध्ये हलवावी. हलवताना खाली मऊ कापड अंथरावं, नाणं दोन बोटांनी फक्त कडेला धरावं, आणि चिंच-लिंबाने ते चकचकीत करण्याचा मोह आवरावा.