टीव्ही बंद करायचा कुणी?



मूल मोबाइल सोडत नाही म्हटलं की बोट आधी आईकडेच जातं. म्हणून आज थोडा इतिहास सांगते. मुलांच्या पडद्याला आवर घालणं हे पूर्वी एकट्या आईचं काम नव्हतंच.

भारतात टीव्ही आला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. सुरुवातीला कार्यक्रम आठवड्यातून दोनच दिवस असत. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढे १९७५-७६ मध्ये ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही पोचला. सकाळी दीड तास मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. गावाला एक संच, सगळ्यांनी मिळून बघायचं आणि वेळ संपली की उठायचं.

माझ्या लहानपणी शेजारच्या काकूंकडे टीव्ही होता. कार्यक्रम संपले की काकू त्यावर भरतकामाचं कापड टाकायच्या. आम्ही हट्ट तरी कुणाकडे करणार, दूरदर्शनच बंद झालेलं! १९८७ मध्ये ‘रामायण’ लागलं तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. पण भाग संपला की आम्ही पुन्हा अंगणात.

नव्वदच्या दशकात केबल आली. १९९५ पासून कार्टूनचा स्वतंत्र चॅनेल दिसू लागला. मग स्मार्टफोन आला, आणि २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाइलवर भरली. आधी सरकारी वेळापत्रक मर्यादा घालत होतं, आता तो सगळा भार घरावर पडला. घरात कुणावर, हे तुम्हाला सांगायला नको.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. एक वर्षाच्या आत पडदा नकोच. दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. कारण साधं आहे. पडद्यासमोर बसलेल्या वेळात झोप, धावपळ आणि गप्पा हरवतात. मूल बोलायला शिकतं ते समोरच्या माणसाने ओ दिल्यावर.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर उपाय काढला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की नियम मुलांपुरता नाही, साऱ्या गावाचा आहे.

आपल्या घरांत तर दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. सातनंतरची संध्याकाळ मोकळीच असते. एक टोपली ठेवा, त्यात सगळ्यांचे फोन पडू द्या, आजोबांचा आणि मुलाच्या बाबांचासुद्धा. नियम घरानेच घेतला, तर रोज ओरडायची पाळी एकट्या आईवर येणार नाही.