मावळातले तलाव आणि महसीर

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे जे पाणी स्वभावतः पूर्वेकडे वाहत जाऊन भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळावयाचे, ते घाटमाथ्यावरच बांध घालून अडवावे, नळांतून पश्चिमेस कोकणात सुमारे १७०० फूट खाली सोडावे आणि त्या पडण्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात, ही जमशेटजी टाटांच्या मनातली योजना त्यांच्या हयातीत सिद्धीस गेली नाही. इ. स. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्यास तिची कोनशिला बसली, १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले, आणि मागोमाग आंध्रा नदीवर ठोकरवाडी व मुळेवर मुळशी अशी धरणे उठून मावळच्या नकाशावर निळ्या रंगाचे मोठाले ठिपके उमटले. लोणावळा, वळवण, शिरवटा ही तलावांची नावे पुणेकरांच्या व मुंबईकरांच्या तोंडी सहलीच्या निमित्ताने रुळली. या सगळ्या उलाढालीत भांडवलाचा, वाफेचा, विजेचा आणि भूसंपादनाचा पुष्कळ खल झाला. माशांचा विचार कोणी केला असेल असे मात्र दिसत नाही. तथापि दक्षिणेतल्या एका थोर माशाच्या नशिबाची गाठ याच तलावांशी पडावयाची होती.

हा मासा म्हणजे महसीर. मावळात त्याला खडशी किंवा खडस म्हणतात, आणि देवस्थानाच्या डोहात तो असला म्हणजे त्याला नुसते देवमासा म्हणूनही भागते. त्याची पहिली शास्त्रीय नोंद पुण्याची आहे. एल्फिन्स्टनच्या अमदानीत मुंबई सरकारचा संख्याशास्त्रीय अधिकारी म्हणून नेमलेला साइक्स हा लष्करी गृहस्थ दख्खनचे हवामान, पिके, खानेसुमारी, पक्षी आणि मासे अशा सगळ्यांची टिपणे सारख्याच आस्थेने ठेवीत असे. इ. स. १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध प्रसिद्ध झाला, त्यात पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या या माशाला त्याने ‘खुद्री’ हे इथलेच नाव लॅटिनच्या पंक्तीला बसवून दिले, आणि आजही शास्त्राच्या दप्तरात तो त्याच नावाने दाखल आहे. पुण्याच्या पुलांवरून आज जे पाणी दिसते ते पाहून ही हकीकत खरी वाटणे कठीण आहे, पण ती खरी आहे.

महसीर हा मुळात वाहत्या पाण्याचा रहिवासी. उन्हाळ्यात तो खोल डोहांत राहतो, आणि पावसाळ्याचा पहिला लोंढा आला की प्रवाहाविरुद्ध वर चढून खडकाळ, वाळू-गोट्यांच्या ओढ्यांत अंडी घालतो. या चढणीच्या माशांची वाट मावळचा व कोकणचा माणूस वर्षभर पाहत असे. ओढ्याच्या तोंडाशी खोईन लावणे, उथळात पाग फेकणे, कंदिलाच्या उजेडात कोयत्याने मासा मारणे, हे सर्व उद्योग मृगाच्या सरींबरोबर सुरू व्हावयाचे. अंडी घालण्यास निघालेली मादीच यात अधिक सापडे, हे अर्थातच त्या आनंदाच्या भरात कोणाच्या ध्यानात येत नसे. या लुटीला आडकाठी होती ती कायद्याची नव्हे, देवाची. इंद्रायणीच्या डोहात, जेथे तुकोबांच्या गाथेची कथा लोकांनी जतन केली आहे त्या देहूस, माशाला हात लावावयाचा नाही असा दंडक होता. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे आणि वाड्याकडे वैतरणेवर तिळसेश्वराचे मासे याच आश्रयाने मोठे झाले. वाळणकोंडीच्या पुलावरून चुरमुरे टाकले की काळसर पाठीचे, हातभर लांबीचे मासे एकमेकांच्या अंगावरून उसळ्या घेत वर येतात आणि त्यांच्या जाड ओठांचा चपचप आवाज काठापर्यंत ऐकू येतो. सुरुंगाची दारू व विष घालून मासे मारण्यास बंदी करणारा कायदा सरकारने केला तो १८९७ साली. देवळांचा बंदोबस्त त्याच्या फार आधीपासूनचा आणि, स्पष्टच बोलावयाचे तर, अधिक परिणामकारक होता.

शौकाखातर गळ टाकून महसीर धरण्याची रीत मात्र साहेबाबरोबर आली. मद्रास इलाख्यात दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर असलेल्या हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर जो ग्रंथ लिहिला, त्याने मायदेशच्या सामन माशासाठी झुरणाऱ्या शेकडो अंमलदारांना महसीराच्या नादी लावले. साध्या फुटाण्याने हा मासा कसा फसतो, हे त्याने ज्या गंभीरपणे लिहिले आहे तो गंभीरपणा महसुलाच्या अहवालातही क्वचित आढळावा. महसीराच्या जबड्यात दात नाहीत. ते आहेत घशात, आणि शिंपला किंवा खेकडा फोडणारा तो घसा लोखंडी गळही दाबून सरळ करू शकतो. गळ लागताच तो पाण्याबाहेर उड्या मारण्याच्या खटपटीत पडत नाही. सरळ प्रवाहाला लागतो, आणि रिळावरची दोरी शंभर-दीडशे वार पाहता पाहता निघून जाते. म्हैसूरकडे काबिनी नदीवर व्हान इन्जेन या शिकारशौकिनाने १९४६ साली १२० पौंडांचा महसीर काढला. गळाने धरलेल्या सर्वांत मोठ्या महसीरांत त्याची गणना होते.

तरीही साहेबाचे मन ट्राउटवाचून रमत नव्हते. निलगिरीवर फ्रान्सिस डे याने १८६० च्या दशकात दोनदा प्रयत्न केला व तो फसला; अखेर १९०६-०७ च्या सुमारास विल्सन या अधिकाऱ्याने इंद्रधनुषी ट्राउटची पैदास तेथे यशस्वी केली. काश्मिरात श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालविणाऱ्या मिचेल नावाच्या गृहस्थाने विलायतेहून मागविलेली १०,००० अंडी १८९९ साली वाटेतच नासली. पुढच्या वर्षी आलेली जगली, आणि त्या माशांचे संगोपन झाले ते शहराला पाणी पुरविणाऱ्या हारवनच्या परिसरात. आपल्या सह्याद्रीतल्या तलावांना वैशाखात जे ऊन लागते त्यात गार पाण्याच्या या माशाचा निभाव लागणे शक्यच नव्हते. मुंबई इलाख्यातल्या शौकिनांना इथल्याच माशावर समाधान मानावे लागले, ही मी तरी भाग्याची गोष्ट समजतो.

नव्या तलावात मासा एकाएकी अतोनात का वाढतो, याचा उत्तम दाखला विलायतेतच आहे. ब्रिस्टल शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी सॉमरसेट परगण्यात यिओ नदी अडवून ब्लॅगडनचा तलाव झाला आणि १९०४ साली तो गळ टाकणाऱ्यांस खुला झाला, तेव्हा जेथे पौंडभराचा ट्राउट मिळाला तरी माणूस खूश होई तेथे चार-पाच पौंडांचे मासे नित्याचे होऊन बसले. कारण साधे होते. पाण्याखाली गेलेली कुरणे, शेते व कुंपणे कुजू लागली, त्या खतावर किडे, गोगलगायी व जलवनस्पती माजल्या, आणि थोड्याशा माशांना अमाप अन्न मिळाले. ही सुबत्ता टिकत नाही. काही वर्षांत जमिनीचा कस निघून जातो आणि मासा सरासरीवर येतो. पाणीपुरवठ्याच्या तलावाला शिकारीचा तलाव म्हणून दुसरे आयुष्य असते, हे मात्र ब्लॅगडनपासून इंग्लंडातल्या नगरपालिकांच्या व पाणीकंपन्यांच्या लक्षात आले, आणि परवान्यांच्या विक्रीचे उत्पन्न त्यांच्या जमाखर्चात कायमचे येऊन बसले.

मुळशीच्या पाण्याखाली गेली ती कुरणे नव्हती. ती आंबेमोहोर भाताची खाचरे होती, आणि ती ज्यांची होती त्या मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नावाने तो लढा इतिहासात गेला. धरण मात्र पुरे झाले व १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. मासा त्या बुडालेल्या खाचरांवर पुष्ट झाला असेल, पण ज्या कुळांनी ती खाचरे पिढ्यान्‌पिढ्या खणली ती देशोधडीला लागली, हे तलावांची रम्य वर्णने करणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही आलो, दृष्टीआड करू नये.

या तलावांत महसीर तगला कसा, हा खरा प्रश्न. इतरत्र धरणाच्या भिंतीने त्याची चढण तोडली आणि त्याचा वंश खुंटत गेला; मावळात तसे सर्वस्वी झाले नाही याचे श्रेय पावसाला आहे. लोणावळ्यास वर्षाकाठी पावणेदोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत तलावांच्या काठाने डोंगरातून असंख्य ओढे फुटतात, आणि नदी हरवलेल्या माशाला तेवढ्यापुरते वाहते, फेसाळ, गार पाणी मिळते. महसीराच्या मादीची अंडी थोडी: रोहू-कटल्याची लाखांनी मोजावीत, याची हजारांनी. ती जड असून गोट्यांच्या फटींत बसतात, फुटावयास तीन-चार दिवस घेतात, आणि पिले बाहेर आल्यावरही काही दिवस उजेडाला भिऊन डोके दगडाखाली खुपसून पडून राहतात. एवढ्या अवधीत ओढ्याचे पाणी ओसरले की सारा खेळ आटोपला. म्हणजे रक्षण करावयाचे तर ते याच आठवड्याभराचे.

हे काम अंगावर घेतले ते डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालकपद भूषविलेल्या या शास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास लोणावळ्याच्या तलावांवर, उथळात आलेले नर-मादी जाळ्याने हलकेच उचलून, मादीचे पोट अंगठ्याने दाबून ताटात अंडी उतरविली, त्यांवर नराचे रेत पसरून ती फलित केली, आणि दख्खनी महसीराच्या जन्माची हकीकत प्रथमच पायरीपायरीने लिहून काढली. वीज कंपनीने वळवणच्या काठी त्यासाठी पैदास केंद्र उभारले व पुढे कोणा एकाच्या नावाने सांगता येऊ नये इतक्या हातांनी ते अर्धशतकावर चालविले. कुलकर्णी व त्यांचे सहकारी ओगले यांनी एक युक्ती अशी काढली की, अंडी पाण्यात न ठेवता ओल्या कापसाच्या थरांत गुंडाळावयाची. डबा हलका होतो, आणि विमानाने दूरच्या प्रांतात पाठविला तरी अंडी जिवंत पोहोचतात. लिंबाच्या सालीच्या रंगाचे, ज्वारीच्या दाण्याएवढे ते थेंब कापसावर मांडलेले पाहिले म्हणजे, यातून मणभर वजनाचा मासा व्हावयाचा, यावर विश्वास बसत नाही.

येथवरची हकीकत अभिमानाची आहे. खुद्रीचे बीज लोणावळ्याहून राज्याराज्यांत गेले, आणि जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत एके काळी संकटग्रस्त म्हणून नोंदलेला हा मासा आता चिंता नसलेल्या वर्गात आला आहे. परंतु ज्या नद्यांत हे बीज सोडले गेले त्यांत कावेरीही होती, आणि कावेरीचा स्वतःचा महसीर निराळा: पाठीला कुबड असलेला, अधिक मोठा, गळाच्या शिकाऱ्यांच्या साऱ्या दंतकथांचा नायक. १९७० च्या दशकापासून शौकिनांच्या संस्थांनी व सरकारी खात्याने मिळून, मोठ्या माशांचे दिवस परत यावेत या सद्‌हेतूने, तेथे दख्खनी पिले सोडली. पुढे गलिबोरे येथील छावणीत गळ टाकणाऱ्यांनीच वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की, पाहुणा वाढत गेला आणि यजमान दिसेनासा झाला. त्या कुबड्या माशाचे शास्त्रीय नाव नक्की होण्यास २०१८ साल उजाडले, आणि त्याच सुमारास तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत दाखल झाला. धरणे, वाळूचा उपसा आणि सुरुंग यांचाही त्यात वाटा आहे. पण आपल्या मावळच्या माशाचा वाटा नाकारता येणार नाही.

यात दोष पैदास केंद्राचा मानणे अन्यायाचे होईल. मासा म्हणजे मासा, आणि मोठा मासा म्हणजे चांगला मासा, या शौकिनाच्या हिशेबात नदीनदीचा भेद कधी धरलाच गेला नव्हता. निलगिरीवर ट्राउट नेणाऱ्याने तो धरला नाही, आणि १९५२ साली तिलापिया हिंदुस्थानात आणणाऱ्यांनीही नाही. त्याच हिशेबाने आजही धरणाधरणांतून बीज सोडले जाते. म्हणून एवढेच मागणे आहे की, महाराष्ट्रातल्या ज्या ज्या तलावात यापुढे महसीराचे बीज पडेल तेथे ते कोणत्या नदीच्या नर-मादीपासून घेतले याची नोंद खात्याने ठेवावी, आणि काठावर गळ घेऊन बसणाऱ्या मंडळींनी परवाना घेताना ती नोंद मागून पाहावी.