आंबेडकरी जलसा

आंबेडकरी जलसा : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीचा विचार गाणे, संवाद आणि नाट्य यांच्या साहाय्याने लोकांपर्यंत नेणारा महाराष्ट्रातील लोकरंगभूमीचा प्रकार. सत्यशोधक जलशाची परंपरा आणि तमाशाचा आकृतिबंध यांतून तो घडला. १९२७ च्या महाड सत्याग्रहाने पेटलेल्या वातावरणात त्याची बीजे रुजली आणि १९३० नंतरच्या दशकात तो गावोगाव पोहोचला. कोणत्याही विद्यापीठाच्या आश्रयाशिवाय त्याने गायक, कवी, वादक आणि नट यांच्या पिढ्या तयार केल्या. आज विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत विद्यार्थी जो जलसा सादर करतात, त्याचे मूळ या तालमीत आहे.

पूर्वपीठिका : महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. समाजाचे विचार निरक्षर शेतकऱ्यांपर्यंत नेण्यासाठी पुढे सत्यशोधक जलसे निघाले. ओतूरचे भीमराव महामुनी यांचे नाव या जलशांच्या आरंभकर्त्यांत घेतले जाते. तमाशातील गण, गौळण आणि वग यांचा क्रम साधारण तसाच ठेवून त्यातला आशय बदलणे, ही सत्यशोधक जलशाची युक्ती होती. गणात निर्मिकाला म्हणजे सृष्टिकर्त्याला वंदन होई आणि वगात भटशाही, सावकारी व अज्ञान यांचा समाचार घेतला जाई.

दक्षिण कोकणाकडे जाणाऱ्या वाटेवरील महाड-पोलादपूरचा मुलूख या विचाराला नवखा नव्हता. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले फुल्यांच्या विचारांचे कार्यकर्ते. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून अस्पृश्यतेला शास्त्राधार आहे काय, असा जाहीर सवाल केला. पुढे महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये झालेल्या सत्याग्रहाआधी जवळजवळ चाळीस वर्षे या भागात हा सवाल विचारला गेला होता.

महाडचा सत्याग्रह आणि जलसा : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. ठराव कागदावरच राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आदी कार्यकर्त्यांनी ती यशस्वी केली. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागून परिषदेचे लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याबाबतचा दावा सुमारे दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

या घटनांचे वृत्त ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकातून येत होते. त्याचा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ रोजी निघाला. पण ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते, त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेत राबणारा कोकणातला गडी चाळीत गाणे ऐकायचा, ते पाठ करायचा आणि सणासुदीला गावी आल्यावर म्हणून दाखवायचा. वर्तमानपत्राची जागा गाण्याने घेतली. चवदार तळे, मनुस्मृतिदहन, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पुणे करार हे पुढे जलशाचे कायमचे विषय झाले. तळ्याची ओंजळभर पाण्याची कथा तर पोवाड्याच्या सोयीचीच : प्रसंग एक, माणसे हजारो आणि प्रश्न माणुसकीचा.

तमाशाशी नाते : जलशाने तमाशाची चाल घेतली, पण तमाशातील सारेच स्वीकारले नाही. पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, असे चळवळीच्या आठवणींत सांगितले जाते. दलित स्त्रियांना फडावर नाचवून मिळवलेला पैसा स्वाभिमानाच्या लढ्याला नको, ही त्यामागची भूमिका. जलशाचे सारे शील या भूमिकेत दिसते. शृंगारिक लावणी गेली, गौळणींची थट्टामस्करी गेली. ढोलकी, सोंगाड्या, सवाल-जबाब आणि वग राहिले. आरंभीच्या जलशांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत.

रचना आणि वाद्ये : जलशाची सुरुवात गणाने होते. पूर्वीच्या गणपतीच्या जागी इथे समतेला, बाबासाहेबांना आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्धाला वंदन असते. त्यानंतर पोवाडा, कटाव, छक्कड आणि सवाल-जबाब येतात. शेवटी वग. त्यात देवभोळा गावकरी आणि शिकलेला तरुण, सावकार आणि कूळ, दारुडा आणि त्याची बायको अशा जोड्या समोरासमोर उभ्या राहतात. मृत जनावरांचे मांस सोडा, गावकीची हलकी कामे टाका, मुलामुलींना शाळेत घाला, हा उपदेश सोंगाड्याच्या तोंडून आला की लोक हसता हसता ऐकत.

ढोलकी, डफ, हलगी, तुणतुणे, झांज आणि पेटी ही नेहमीची वाद्ये. खेळाआधी हलगीवाला पाचट किंवा कागद पेटवून तिचे कातडे शेकतो. कातडे तापून ताणले गेले की आवाज कडक निघतो आणि तोच गावाला खेळ सुरू होत असल्याचा सांगावा असतो. तुणतुण्याला एकच तार असते. त्यावर चाल वाजत नाही, ते आधारस्वर आणि लय धरून ठेवते. मुख्य शाहीर ओळ टाकतो, साथीचे झीलकरी ती उचलतात. ओळ वरच्या पट्टीत नेऊन सोडायची आणि झीलकऱ्यांचे ‘जी जी’ संपेपर्यंत पुढच्या ओळीसाठी दम घ्यायचा, हे ध्वनिक्षेपकाशिवाय शेकडो लोकांसमोर रात्रभर गाण्याचे तंत्र आहे.

प्रमुख जलसाकार : नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांनी १९३१ च्या सुमारास काढलेला जलसा या परंपरेतील सर्वांत प्रभावी मानला जातो. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. कर्डकांनी उत्तरायुष्यात ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून हा इतिहास स्वतः नोंदवून ठेवला. केरूबा गायकवाड, केरू घेगडे आणि पतितपावनदास हेही आरंभीच्या पिढीतील महत्त्वाचे जलसाकार होत.

पुढच्या पिढीचे अग्रणी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. मुंबईत मजुरी करीत असताना एकाने त्यांच्याकडे पत्र वाचायला दिले आणि त्यांना ते वाचता आले नाही. ती लाज त्यांना लागली. देहलवी नावाच्या मास्तरांकडून ते बाराखडी शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरे जोडू लागले. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले आणि नंतर हजारो गीते लिहिली. ‘वाटचाल’ आणि ‘मोहोळ’ हे त्यांचे गीतसंग्रह, तर ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन.

धर्मांतरानंतर जलशाचा भर ओसरला आणि गायन पार्ट्या व कव्वालीचे सामने पुढे आले. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्या आवाजाने भीमगीत ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटच्या मार्गाने घराघरांत नेले. उमपांनी ‘जांभूळ आख्यान’सारख्या लोकनाट्यातही आपली छाप सोडली. स्त्रियांनी ही परंपरा जात्यावर स्वतंत्रपणे चालवली. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या ओवी-संकलनात बाबासाहेबांवरील अनेक ओव्या आहेत. संभाजी भगत यांनी जलशाची धार नव्या शतकात आणली. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटाला त्यांचे संगीत आहे. चित्रपटाचा नायकच लोकशाहीर असून ती भूमिका वीरा साथीदार यांनी केली.

तालीम : जलशाला छापील अभ्यासक्रम नव्हता, पण शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. नवा पोरगा आधी झांज धरी आणि झील देई. ताल अंगात मुरला की त्याला कटावातले एखादे कडवे मिळे, मग सोंग मिळे आणि सगळ्यात शेवटी स्वतःचे कवन म्हणण्याचा मान. गाणी वहीत उतरवून घेण्याची शिस्त कडक असे. लिहिता न येणाऱ्याला लिहिणारा जोडीदार शोधावा लागे आणि त्यातून कित्येक जण अक्षरे शिकले. गाण्यांच्या छोट्या पुस्तिकांत प्रत्येक गीतावर ‘चाल’ छापलेली असते. माहीत असलेली चाल आणि नवे शब्द, एवढ्यावर स्वरलिपी न जाणणारा वाचक ते गाणे त्याच संध्याकाळी म्हणू शकतो. महाडला २० मार्चला, दादरच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर या पुस्तिकांची विक्री होत आली आहे.

शिक्षणसंस्था आणि विद्यापीठे : बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय आणि पुढे महाडलाही सोसायटीचे महाविद्यालय निघाले. जलशाने ज्या मुलांना शाळेत घाला म्हणून सांगितले होते, ती मुले आता महाविद्यालयात आली आणि स्नेहसंमेलनात त्यांनी वडिलांची गाणी म्हटली.

विद्यापीठीय संगीतशिक्षणाचा रोख मात्र दीर्घकाळ रागसंगीतावर राहिला. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक डॉ. अशोक रानडे यांनी लोकसंगीताला शास्त्रीय विचाराची बैठक दिली. त्यांचे ‘लोकसंगीतशास्त्र’ हे मराठीतील या विषयाचे पायाभूत पुस्तक. पुढे मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी सुरू झाली. प्रकाश खांडगे आणि गणेश चंदनशिवे यांच्या नेतृत्वाखाली तमाशा, पोवाडा, गोंधळ, भारूड यांचे प्रशिक्षण तिथे पदवीच्या चौकटीत आले. फडावर वाढलेला कलावंत शिक्षक म्हणून वर्गात उभा राहिला, ही या अकादमीची मोठी कमाई आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पोवाडा, भारूड यांच्याबरोबर जलसाही सादर होतो. या विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ असा नामांतराचा लढा झाला आणि त्या लढ्यानेही शाहिरांना गाणी दिली. ज्या नावासाठी शाहीर गायले, त्या नावाच्या विद्यापीठाच्या मंचावर आता ग्रामीण महाविद्यालयांचे विद्यार्थी जलसा करतात. राज्यातील विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव आणि भारतीय विश्वविद्यालय संघाचा राष्ट्रीय युवक महोत्सव यांत समूहगीत आणि लोकवाद्यवृंद या प्रकारांना स्थान आहे. हलगी, संबळ आणि ढोलकी वाजवणाऱ्या मुलांना तिथे आपली कला देशापुढे मांडता येते. अनेकांसाठी ते वाद्य घरातूनच आलेले असते आणि त्याला मिळालेला करंडक हा घराण्याचाही सन्मान असतो.

संशोधन : कृष्णा किरवले यांचे ‘आंबेडकरी शाहिरी : एक शोध’ आणि भगवान ठाकूर यांचे ‘आंबेडकरी जलसे’ हे या विषयावरील महत्त्वाचे ग्रंथ. शर्मिला रेगे यांनी लावणी, पोवाडा आणि आंबेडकरी गीतपुस्तिका यांचा जात आणि स्त्रीप्रश्न यांच्या अंगाने अभ्यास केला. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाने शाहीर विलास घोगरे यांच्या निमित्ताने या गाण्याची ताकद जगापुढे ठेवली.

मूल्यमापन : आंबेडकरी जलशाचा विचार आजवर मुख्यतः साहित्य आणि चळवळ म्हणून झाला. त्याच्या शब्दांचे संग्रह निघाले, पण चालींचे स्वरलेखन, ढोलकीच्या बोलांची नोंद आणि झील देण्याच्या पद्धतींचे ध्वनिमुद्रण त्या मानाने फार थोडे झाले आहे. महोत्सवातला जलसा ठरावीक मिनिटांत बसवावा लागतो. त्यात गण आणि एखादा पोवाडा मावतो, वग मात्र आक्रसतो. हाडाचा सोंगाड्या घडायला जी रात्रभराची मोकळीक लागते, ती तिथे मिळत नाही. संगीत विभागांनी जलसा सत्रभराचा विषय म्हणून शिकवावा, जुन्या जलसाकारांना मानधनावर वर्गात बोलवावे आणि दरवर्षी एक अखंड जलसा विद्यार्थ्यांकडून बसवून घ्यावा. तो सादर करण्यासाठी महाडइतके योग्य ठिकाण नाही आणि २० मार्चइतका योग्य दिवस नाही. महाराष्ट्राच्या संगीतात आंबेडकरी जलशाचे स्थान ख्याल, नाट्यसंगीत आणि कीर्तन यांच्या बरोबरीचे आहे आणि विद्यापीठांनी ते त्याच मानाने शिकवले पाहिजे.