व्हँकुव्हरवरील ठपका

हॉकीवर जीव जडलेल्या नगराला व्यावसायिक बास्केटबॉल संघ पोसता येतो काय? कॅनडाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते. बास्केटबॉलचा जनक जेम्स नायस्मिथ हा मूळचा ऑन्टारिओचा. १८९१ साली त्याने अमेरिकेत हा खेळ रचला. मायभूमीत मात्र राज्य चालले ते बर्फावरील हॉकीचे. टोरोंटोत १९४६ साली उतरलेला हस्कीज संघ एका हंगामातच लयास गेला.

पुढे १९९५ साली टोरोंटोत रॅप्टर्स व व्हँकुव्हरात ग्रिझलीज हे संघ अवतरले. पैकी ग्रिझलीज २००१ मध्ये अमेरिकेतील मेम्फिसला गेले. ‘ते हॉकीचेच नगर’ असा ठपका व्हँकुव्हरवर ठेवणे सोपे आहे. परंतु तो न्याय्य नव्हे. तेथे दोन्ही खेळ एकाच छपराखाली नांदत होते, आणि आरंभी प्रेक्षकांची वाण नव्हती. वाण होती ती विजयांची. सहा हंगामांपैकी एकातही २३ हून अधिक सामने जिंकता आले नाहीत. त्यात खेळाडूंचे वेतन अमेरिकी डॉलरांत आणि तिकिटांचे उत्पन्न घसरत्या कॅनेडियन डॉलरांत!

चलनाचा जाच टोरोंटोलाही होता, आणि हॉकीचे वेडही तेवढेच. परंतु नगर मोठे. शिवाय १९९८ मध्ये हॉकीसंघाच्या मालकांनीच रॅप्टर्सना आश्रय दिला. त्याच वर्षी व्हिन्स कार्टर संघात आला व विजय दिसू लागले. २०१९ मध्ये त्या संघाने अजिंक्यपद मिळविले.

तात्पर्य, जुनी भक्ती नव्या भक्तीच्या आड येत नाही. नव्या रोपाला पाणी घालणारा धनी आणि फळाची आशा मात्र हवी.